लेबलवालीची डबी

६ जानेवारी, मंगळवार
आज शर्लिनच्या हातातलं क्रीम सरळ कचऱ्यात! उत्तन गावची पोरगी, ८ फेब्रुवारीला लग्न, नोव्हेंबरपासून माझ्याच पार्लरला येतेय. आणि कुठून तरी 'बाहेरचं' गोरं करणारं क्रीम उचलून आणलं. खोकं उलटसुलट केलं — लायसन्स नंबर नाही, आयात करणाऱ्याचं नाव नाही, घटकांच्या जागी 'सीक्रेट फॉर्म्युला'! म्हटलं, "अगं, पारा असला तर? बंदी आहे त्याला. किडन्या जातील."
अख्खं शांती नगर मला लेबलवाली म्हणतं. म्हणू देत!

९ जानेवारी
पार्लरातली हिना विचारते, "दीदी, पॅराबेन मतलब ज़हर ना?" हसू आलं. क्रीममध्ये पाणी आलं की ते टिकवायला पॅराबेनसारखं काहीतरी लागणारच. किती घालायचं त्याला नियम आहे. 'केमिकल-फ्री' म्हणे! पाणीसुद्धा केमिकलच.

१४ जानेवारी
शर्लिनला पुन्हा डबी भरून दिली, रोज रात्री लावायला. माझा मसाला — मसाज क्रीम, आणि त्यात मेडिकलमधली एक ट्यूब पिळायची. कोर्सच्या मॅडमनी शिकवलेलं, सगळ्याच करतात. ट्यूबही वाचूनच घेते हं मी. लायसन्स, बॅच, तारीख — सगळं जिथल्या तिथे.
तिची आई बर्नडेटमावशी सुकी मासळी विकते. आज बोंबील घेऊन आली. "मना तुजाच भरोसा हाय," म्हणाली. बरं वाटलं.

२३ जानेवारी
शर्लिन ऑफिसच्या कामाला पुण्याला गेली आणि डबी घरीच विसरली. आठ दिवसांत चेहरा लालबुंद, वर पुटकुळ्या. रडतच आली. म्हटलं, हे त्या बाहेरच्या क्रीमचे प्रताप! माझं लाव, तीन दिवसांत जाईल.

२६ जानेवारी
गेलं! सांगितलं नव्हतं?

३१ जानेवारी, शनिवार
परत उठलं. आता तर माझं लावूनही. आठ दिवसांवर लग्न! स्किनच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले, म्हटलं पाऱ्याचं मीच नीट सांगेन. डॉक्टर माझ्याहून लहान. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे पाऱ्याचं नाही, स्टेरॉइडचं आहे. लावलं की शांत, थांबवलं की भडकतं, पुढे पुढे तर लावूनही भडकतं. काय लावता?"
शर्लिनने पर्समधून माझी डबी काढली.
"ह्यात काय आहे?"
"मसाज क्रीम," मी म्हटलं. तेवढंच म्हटलं! लाज वाटतेय लिहिताना.

१ फेब्रुवारी
ट्यूब परत वाचली. पूर्ण वाचली. डाव्या कडेला उभी लाल रेघ, शेजारी चौकटीत — डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. ते सौंदर्यप्रसाधन नाहीच, औषध आहे! चार वर्षं नंबर वाचत आले आणि ही रेघ मला डिझाइन वाटली. किती नवरीमुलींना लावलं असेल, देवा. शर्लिनचा चेहरा नीट व्हायला काही महिने लागतील, असं डॉक्टर म्हणालीय. आठवड्याने ती चर्चमध्ये उभी राहणार.

२ फेब्रुवारी
बर्नडेटमावशीचा फोन. गावातल्या बायका घेऊन, शर्लिनने ते बाहेरचं क्रीम घेतलं त्या दुकानावर निघालीय. "तू पन चल बाय, तुजेशिवाय कोन बोलंल?"
म्हटलं, "मावशी, दुकानावर नका जाऊ. माझ्याकडे या. डबीत मी घातलं होतं."