खुंटीवरच्या पट्ट्या

३ तारीख, सोमवार
नवी नोकरी, नवा वॉर्ड, खिडक्यांतून भरपूर ऊन! जुन्या दवाखान्यात आम्ही मनगटावरच्या घड्याळाकडे बघत सलाईनचे थेंब मोजायचो. इथे प्रत्येक खाटेला पंप आहे आणि सगळे पंप टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडलेले. डॉक्टरांनी औषध लिहिलं की डोस आपोआप पंपात उतरतो. आपण फक्त पेशंटच्या मनगटावरची पट्टी स्कॅन करायची, मग आपलं कार्ड, आणि पंपावर 'होय' दाबायचं. माझं घड्याळ बघून मोठ्या सिस्टरांनी विचारलं, हे आजीच्या पेटीतून काढलंस का. सहा नंबरच्या खाटेवर एक निवृत्त गुरुजी आहेत. ते पंपाला जावईबापू म्हणतात, कारण काम कमी आणि रुसणं फार.

६ तारीख
टेबलामागे भिंतीवर खुंट्या आहेत, खाटेगणिक एक. प्रत्येकीवर त्या त्या पेशंटच्या पट्टीची दुसरी प्रत. वीस पेशंट आणि दोघी जणी, म्हणून सगळ्या ती प्रतच स्कॅन करतात आणि टेबलावरूनच 'होय' दाबतात. टेबलावरच्या आणि पंपावरच्या स्क्रीनवर उमटतं : रुग्ण हजर, परिचारिका हजर. मी उसळलेच. म्हटलं, टेबल ते खाट या वीस पावलांसाठीच तर आपल्याला ठेवलंय. पेशंटचा चेहरा काय खुंटी बघणार? मोठ्या सिस्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.
"भाषण छान होतं गं. आता नऊ नंबर वाजतोय, तेवढं बघ."

११ तारीख
आज मी एकटीच होते. दुपारी दोनला गुरुजींचा डोस आला. मी खुंटीवरची पट्टी घेतली. एकदाच. रुग्ण हजर, परिचारिका हजर, होय.
वीस मिनिटांनी खाटेशी गेले. हात गार होता. पंप चालूच होता.
डॉक्टर म्हणाले, ते डोसच्या आधीच गेले होते, औषधाचा संबंध नाही. म्हणजे मेलेल्या माणसाला मी हजर म्हटलं. शेवटच्या क्षणी मी त्यांच्याजवळ होते असं कागद सांगतो.
त्यांची खुंटीवरची पट्टी मी स्वतः कापून कचऱ्यात टाकली.

१२ तारीख
पट्टी पुन्हा खुंटीवर आहे. अखंड. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, थट्टा करायला इथे कुणाला फुरसत आहे.

१४ तारीख
सहा नंबरची खाट रिकामी, पंपाची वायर काढलेली. तरी दोनला पंप वाजला. रुग्ण हजर. परिचारिका हजर, आणि पुढे माझं नाव. तेव्हा मी मोठ्या सिस्टरांसमोर बसून जेवत होते. त्यांनीही स्क्रीन बघितली. अर्धा डबा तसाच झाकला.

१५ तारीख
सहाच्या खुंटीवर आज नवी पट्टी. तिच्यावर माझं नाव.
छापली कुणी? मोठ्या सिस्टरांनी मुलांची शपथ घेतली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.
अंगात कणकण आहे.

१६ तारीख
ताप उतरेना. ड्युटीवरच कोसळले. रिकामी खाट एकच होती. सहा.
पंप नको म्हणून डॉक्टरांच्या हातापाया पडले. ते म्हणाले, साधं सलाईन आहे, एवढं काय, आणि पंप जोडून गेले.
घड्याळ हातात आहे. थेंब मोजतेय. मिनिटाला बारा. ठीक.
टेबलाशी आज नवी मुलगी आहे. फोनवर बोलतेय, पाठ माझ्याकडे. दोनला दोन मिनिटं.
हाक मारली. आवाज फुटत नाही —
तिने हात मागे नेला. न बघता. खुंटी —
रुग्ण हजर.
थेंब अठरा. तीस. आता मोजता —
परिचारिका हजर. माझं नाव. माझं कार्ड तर कपाटात —
ती मुलगी तिकडे टेबलाशी. मी इथे खाटेवर. मग माझ्या उशाशी उभी राहून 'होय' दाबणारी ही —