वीस हेलकावे

५ जून

उलेमूला आज बाकावर उभं केलं. उत्तर लिहिलं होतं नुसतं "५". मी म्हटलं, "पाच काय? पाच शेळ्या? पाच बायका?" वर्ग खदखदून हसला. तोही निर्लज्ज, म्हणाला, "शेळ्या परवडतील, मॅडम!" मलाही हसू येत होतं. येऊ दिलं नाही. तास संपेपर्यंत उभाच ठेवला. खिडकीची काच फुटलेली, बाहेर चिपेरोनी वाऱ्याचं ओलं धुकं, पोराच्या अंगात स्वेटर नाही.

एककासाठी एवढं करावं का? नुसतं सांगितलेलं यांच्या डोक्यात राहत नाही, थंडीने राहतं — अशी मी स्वतःची समजूत घालते.

नंतरचा तास मसेया सरांचा. विभागप्रमुख ते, मी त्यांच्या हाताखाली. मी मागे बसून वह्या तपासत होते. सरांनी स्प्रिंगचं सूत्र फळ्यावर उलटं लिहिलं — वस्तुमान खाली, ताठरपणा वर. अलिनाफेचा हात वर.

"सर, डावीकडे सेकंद आहे. उजवीकडे सेकंद भागाकारात जातोय. मिती जुळत नाहीत. हे समीकरण उभंच राहत नाही."

"असं? मग तू उभी राहा."

पुन्हा वर्ग हसला. ती उभी राहिली, घंटा होईपर्यंत. सूत्र फळ्यावर तसंच होतं. मी वह्या तपासत राहिले.

६ जून

अलिनाफेचा मामा शाळेत आला. इस्त्रीचा कोट, पायांना चिखल. खुर्ची देऊ केली तर बसला नाही.

"बाई, आडवळणाने बोलत नाही. फिजिक्समध्ये हिला वरचा ग्रेड, एक किंवा दोन, आला, तर इंजिनीअरिंगला पाठवतो. तीन आला, तर गिरणीवाल्याला होकार कळवतो. माणूस चांगला आहे. पहिली बायको गेल्या साली वारली."

ती शेजारीच उभी होती. तिची आई आठवड्यापूर्वी मला म्हणालीच होती, "माझा भाऊ बोलला की बोलला. मी काय, मी नुसती जन्म देणारी."

मी म्हटलं, "एक येईल." किती ठामपणे म्हटलं! मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही गहाण ठेवलंय.

९ जून

प्रात्यक्षिकाचं पाकीट आलं. स्प्रिंगला दोनशे ग्रॅमचं वजन टांगायचं, खाली ओढून सोडायचं, वीस हेलकाव्यांचा वेळ घ्यायचा, त्यावरून एका हेलकाव्याचा काढायचा. पद्धतीप्रमाणे आधी मी करून बघायचं. माझा आकडा उत्तरपत्रिकांबरोबर बोर्डाकडे जातो, आणि मुलांचे आकडे त्याच्याशी ताडून बघतात. थोडंफार इकडेतिकडे चालतं, फार नाही.

प्रयोगशाळेत मसेया सर फोनवर कुणाशी तरी सिमेंटच्या भावावरून इंग्रजीत भांडत होते. सतरा हजार, अठरा हजार! आकडे नुसते कानावर आदळत होते. तरी काम उरकलं. वीस हेलकाव्यांना २२.८ सेकंद. एकाला १.१४ सेकंद. एककं तपासली. मिती तपासल्या. डावी बाजू, उजवी बाजू, सगळं जुळलं. शाईने लिहून सही केली.

११ जून

मसेया सरांनी विचारलंच. "किती निघालं, बाई?"

सांगितलं. दरवर्षी सांगते. दरवर्षी ते परीक्षेच्या सकाळी प्रार्थनेला त्या क्रमांकाचं भजन लावतात. गेल्या वर्षी २०८. पोरांना अर्थ ठाऊक, शिक्षकांना ठाऊक, पाद्रीबाबांना ठाऊक नाही. मी आकडा देते, भजन लावत नाही. यात मला आजवर फरक वाटत आला आहे.

म्हटलं, "अलिनाफेला गरज नाही. ती स्वतः मोजेल."

"तुमची ती काय सोन्याच्या अंड्यातून निघाली?"

"तिला येतं, सर."

"येणाऱ्यांनाच जास्त गरज असते. न येणारे कुठेही नापास होतात."

तरी संध्याकाळी अलिनाफेला गाठून सांगितलं, उद्या प्रार्थनेला येऊ नकोस, डोकं दुखतंय म्हण. जे दिसेल तेच लिही. ती म्हणाली, "हो, मॅडम." का ते विचारलं नाही.

मला हवं काय होतं? तिने खरं मोजावं हे — की एक तरी मूल माझ्या आकड्यापाशी आपल्या पायांनी चालत यावं, हे?

१२ जून, सकाळ

भजन ११४. मयतीचं निघालं! पोरांनी लग्नात गावं तसं गायलं.

१२ जून, संध्याकाळ

देखरेखीला दुसऱ्या शाळेचे गृहस्थ होते. मला फक्त साहित्य बघायला आत घेतलं. एका टेबलाचा चिमटा सैल झाला म्हणून गेले, तर वाटेत कागद दिसत गेले. १.१४. १.१४. १.१४. काहींनी स्प्रिंग हलवलीसुद्धा नव्हती. उलेमूच्या कागदावर "१.१४ सेकंद", सेकंदाखाली दोन रेघा मारलेल्या. बाकावरची थंडी लक्षात राहिली म्हणायची.

अलिनाफेच्या कागदावर २४.० आणि १.२०.

तिथेच थबकले. आणि मग — लिहितेच — मला तिचा राग आला. माझी मुलगी चुकली! तिचं नुकसान होतंय म्हणून नाही, माझं "एक येईल" खोटं पडतंय म्हणून. पुढे जाऊन चिमटा आवळला.

रात्री मक्याच्या पिठाचा न्सिमा केला, तसाच झाकून ठेवला.

१४ जून

शनिवार. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडेच असते. अलिनाफेच्या टेबलावरची स्प्रिंग सैल असेल, असं धरून गेले. तसं असतं तर बोर्डाला दोन ओळी लिहिता आल्या असत्या.

मोजलं. २४.०. पुन्हा मोजलं. २४.१. शेजारच्या टेबलावरची घेतली. २४.०. मग मी स्वतः वापरली होती ती घेतली. २४.०.

स्टुलावर बसून राहिले. बाहेर स्वयंपाकघरातल्या बाया मक्याच्या गोण्या मोजून आत टाकत होत्या, मोठ्याने, आपल्या भाषेत एक-दोन-तीन. चिमोझी... झिविरी... झिताटू... आणि मला कळलं.

सर इंग्रजीत सिमेंटचे आकडे ओरडत होते, म्हणून त्या दिवशी मी आपल्या भाषेत मोजलं होतं. वर्गात इंग्रजीत मोजताना वजन सोडतानाच "झीरो" तोंडात येतो. वीस वर्षं तेच घोकून घेतलंय मी मुलांकडून! पण आपल्या भाषेत मोजणी एकापासून. गोण्या मोजताना रिकामी गोणी कोण मोजतं? वजन सोडलं आणि म्हटलं "एक". वीस म्हटलं तेव्हा हेलकावे झाले होते एकोणीस.

एककं बरोबर होती. मिती बरोबर होत्या. मितींच्या तपासणीत मीटरच्या जागी सेकंद आला तर सापडतो. चुकीचा सेकंद सापडत नाही. तोही सेकंदच.

१५ जून

चर्चनंतर मसेया सरांना गाठलं. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग दाढ कोरत म्हणाले, "म्हणजे अख्ख्या वर्गात एकटी तीच बरोबर?"

"हो. माझा कागद अजून हेडमास्तरांच्या कपाटात आहे. उद्या गाडी येते. मी दुरुस्त करते."

"करा. म्हणजे एक पास, एकतीस गचकतील."

"चूक माझी होती, असं बोर्डाला कळवलं तर?"

"बाई, तुम्ही कॉलेजात शिकलात ना? मग बोर्ड विचारेल, बाईंची चूक एकतीस पोरांना कशी झाली? शाळेचं परीक्षाकेंद्र जाईल. सगळ्यांचे पेपर रद्द. तुमच्या सोन्याच्या अंड्यातलीचासुद्धा."

"त्यांना भजन कुणी शिकवलं?"

"आकडा तुम्ही दिलात. मी फक्त गाऊन घेतलं." मग एकदम मऊ आवाजात, "राहू द्या हो. एका पोरीचं लग्न होईल. लग्नाने कुणी मरत नाही."

गिरणीवाल्याचं घर माझ्या वाटेवरच आहे. येताना पाहिलं. अंगणात दोन लहान मुलं भुईमूग सोलत होती, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी.

१६ जून

बदलला.

कोऱ्या कागदावर नव्याने लिहिलं, २४.० आणि १.२०. जुना कागद चुलीत. हेडमास्तरांनी न बघता सही केली, वर म्हणाले, "तुमचं काम म्हणजे बघायलाच नको." दहा वाजता गाडी पाकिटं घेऊन गेली.

मसेया सर व्हरांड्यात उभे होते. "गायलेल्या एकतीस जणांची नावं म्हणून दाखवू? उलेमूपासून सुरू करू?" मी वर्गात निघून गेले. उलेमूची आई फाटकाशी गोड पुऱ्यांसारख्या मंदासी तळते, परीक्षेच्या दिवशी मला दोन फुकट दिल्या होत्या. खाल्ल्या होत्या मी.

खऱ्यासाठी केलं, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. अलिनाफेच्या जागी उलेमूने १.२० लिहिलं असतं, तर बदलला असता का मी आकडा? खरा आकडा तेव्हाही १.२०च असता. तरी नसता बदलला. मला माहीत आहे.

पण एक तरी वाचली. एक तरी.

१७ जून

अलिनाफे आली होती. आईने उकडलेली रताळी दिलेली, चितेंजेच्या कापडात बांधून. पहिल्यांदाच हसताना पाहिलं तिला.

"मॅडम, तुम्ही त्या दिवशी माझा कागद बघून कपाळाला आठ्या घातल्यात ना, तेव्हाच कळलं काहीतरी चुकलंय. मग शेजारून उलेमूने हळूच एकशे चौदा सांगितलं. माझं एक पूर्णांक वीस खोडून मी एक पूर्णांक चौदा लिहिलं. तुमचं कसं चुकेल!" आणि मग, "बरं केलं ना, मॅडम?"

मी हो म्हटलं.