पेटीची पूजा

राजारामपुरी, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २०२५

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझ्या भावजयीचा खोकला गेला. आर्यन सहामाहीत गणितात पास झाला, कसा झाला ते विचारू नकोस. तुमच्या म्हशीला रेडी झाल्याचं बाजारात कुणाकडून तरी कळलं. पूर्वी असल्या बातम्या तू मला म्हशीच्याही आधी सांगायचीस.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅप पाठवावं, तर तुमच्या खोलगट गावात मोबाइलवर जेमतेम बोलणं होतं, नेट येत नाही आणि पंचायतीतलं नेट बंद आहे. ते कुणामुळं बंद आहे हे तुला ठाऊक आहे. म्हणून हे पोस्टातून.

आधी टीव्हीवरच्या त्या चर्चेचं सांगतो. तू फक्त ती गाजलेली क्लिप पाहिलीस, आधीचं काही पाहिलं नाहीस. गावोगावी नेट पोचवायच्या देशाच्या योजनेवर झालेला खर्च, असा विषय होता. आमच्या पक्षातर्फे मी, समोर दुसऱ्या पक्षाचे म्हातारे गणपतराव. मी म्हणालो, जनतेचे हजारो कोटी जमिनीत पुरले, रस्ता रुंद करायला जेसीबी आला की केबल तुटते आणि जोडायला वर्षभर माणूस फिरकत नाही. हे खोटं नव्हतं, आक्का. अशी गावं आहेत. गणपतराव टेबलावर हात आपटून म्हणाले, "आरं, चार घरांच्या वाडीवर खासगी कंपनी येतीया व्हय? जितं नफा न्हाय तितं सरकारनंच जायला पायजे की! एस्टी काय नफ्यासाठी सोडली हुती काय?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या समोरच्याला पडल्या की माझं काय होतं, हे तू लहानपणापासून बघत आलीयस.

मग पडद्यावर तो फोटो आला. पंचायतीत तू चालवतेस त्या केंद्रातली नेटची पेटी, तिला झेंडूची माळ, शेजारी संगणक आणि अंगठा घ्यायचं यंत्र, सगळ्यांना हळदकुंकू, पुढं नारळ. मी म्हणालो, "बघा, नेट चालत नाही म्हणून लोकांनी पेटीला देव्हाऱ्यात बसवलं!" गणपतरावांनी चष्मा वर केला. "पोरा, ही खंडेनवमीची पूजा न्हवं का?" त्यांनी बरोबर ओळखलं होतं. कोल्हापुरात कोण ओळखणार नाही? त्या दिवशी लेथ मशीन बंद, ट्रॅक्टर बंद, उसाचा कोयतासुद्धा धुऊन पाटावर. मी म्हणालो, "काका, त्या गावात बारा महिने खंडेनवमीच हाय!"

हशा पिकला. गणपतराव बसले ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी शिवाजी पेठेत लोकांनी मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

पुढचं तुला जास्त माहीत. वरच्या ऑफिसातून सरकारी साहेब आले, 'वापरात नसलेली जोडणी' असा शेरा मारला, पेटी काढून नेली आणि केंद्र चालवणारी म्हणून खुलाशाची नोटीस तुझ्या हातात दिली. चालत्या पेटीवर असा शेरा कसा मारला, ते त्यांनाच ठाऊक. क्लिप एवढी फिरली होती की त्यांना काहीतरी करून दाखवायचंच होतं.

तू भाऊबीजेला बोलावलं नाहीस असं मी इथं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तुझा निरोप आला होता. मी गावच्या कमानीपर्यंत आलो, गाडी वळवली आणि परत गेलो. घरी सांगितलं, पंक्चर झाली.

परवा राजारामपुरीतल्या एका केंद्रावर तुमची पारूबाई भेटली. पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला आली होती. अंगठा लागत नव्हता, पोरगा म्हणाला, उद्या या. तिनं मला ओळखलं नाही. "पावणं, येवढं सांगा की त्यास्नी, उद्या एस्टीनं पुन्ना याचं मला न्हाय झेपत. आमच्या गावात हुतं की सगळं. संयोगिता हाताला तेल लावून, चोळून अंगठा लावायची. कोण येडं टीव्हीवर बडबडलं आन् नेलं उचलून!" मी त्या पोराशी भांडलो, दाखला काढून दिला, तिला एस्टीत बसवून दिलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. आक्का, मी मेलो असतो तर बरं असं वाटलं. पण तेव्हाही तोंड उघडलं नाही.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. फोटो पक्षातल्या पोरांनी कुठल्यातरी ग्रुपवरून उचलला, पडद्यावर आला तेव्हाच मी पाहिला, असं तुला फोनवर म्हणालो होतो. खोटं बोललो. चर्चेच्या आदल्या संध्याकाळी मीच तो दिला. बंद पडलेल्या गावांत जाऊन खरे फोटो काढायचे होते, कंटाळा केला. खंडेनवमीला तुझ्याकडं जेवायला आलो तेव्हा तू म्हणाली होतीस, "काढ रं फोटो, माझी पूजा कशी दिसतीया बघू." मी काढला. तुझ्या तोंडावर किती हौस होती ते आजही दिसतं.

आणि त्या फोटोत, पेटीच्या वर, भिंतीला तू लावलेला फळा होता. 'खंडेनवमीनिमित्त आज केंद्र बंद. परवापासून नेहमीप्रमाणे.' तुझं ते गोल गोल अक्षर. तो फळा मी फोनवर बोटानं कापून टाकला, आक्का. चुकून नाही. नीट बघून, अक्षराचा ठिपकासुद्धा उरणार नाही असा. मूळ फोटो तू दोनदा मागितलास, दोन्ही वेळा मी "पाठवतो" म्हणालो. तो माझ्याकडं आहे.

जिल्हा परिषदेचं तिकीट जवळ आलं होतं. पक्षाचे साहेब म्हणाले, आता तोंड उघडायचं नाही. मी नाही उघडलं. त्यांच्यावर ढकलत नाही, मलाही तेच हवं होतं.

काल दाजी येऊन गेले. चहा घेतला नाही. उंबऱ्यातूनच म्हणाले, "तिनं खुलाशात लिवून दिलंय, फोटो कुणी काढला ठावं न्हाय. जलमात खोटं लिवलं न्हाय तिनं. दोन दिस झालं, जेवंना झालीया." एवढं बोलून निघून गेले. माझ्यासाठी तू खोटं लिहिलंस. शिव्या दिल्या असत्यास, थोबाडीत मारली असतीस, तरी मी इथं बसून काहीतरी सबब शोधली असती. यावर मला सबब सापडत नाही.

सोमवारी तुझी सुनावणी आहे. मी येतोय. मूळ फोटो, फळ्यासकट, सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवणार. त्याआधी रविवारी त्याच चर्चेत बसून गणपतरावांना सांगणार की तुमचं बरोबर होतं. त्यांच्याशी बोललोय. ते हसले नाहीत, फक्त "ये" म्हणाले. तिकीट गेलं तर जाऊ दे. पेटी परत येईल का, मला माहीत नाही. उचलून न्यायला एक दिवस लागतो, आणायला सरकारला किती लागतो हे मीच सगळीकडं ओरडून सांगत होतो.

एकच मागतो. सोमवारी माझ्या आधी उभी राहू नकोस. "पोरगं हाय, चुकलं," असं म्हणशील, मला माहीत आहे. म्हणू नकोस. खाली बस आणि मला बोलू दे. आणि त्याआधी दोन घास खा.

दाजींना नमस्कार. तुझ्या पाया पडतो असं लिहीत नाही, ते समोर येऊन.

फोटो काढणारा आणि कापणारा,
तुझा भाऊ
राजवर्धन