मागच्या चाकाचा आवाज

ता. ४ फेब्रुवारी १८८९, सोमवार

शेटच्या शिग्राम घोडागाडीला आज मागच्या चाकांचा नवा आंस बसवला. जुना गायमुखाच्या उतारावर मोडला, त्याला अठरा दिवस झाले. माझ्या थोरल्या भावाला, रघुदादाला, जाऊन अठरा दिवस. ह्याच गाडीतून देवीचा मुखवटा घेऊन तो जत्रेला निघाला होता. देवीखाली चामडं नको म्हणून बैठकीची चामडी गादी काढून धाबळी अंथरली होती. मुखवट्याला खरचटलंसुद्धा नाही.

आमच्या दुकानाचे सिल्वेस्टर मिस्त्री म्हणाले, "लोखंडातच भेग होती. देवाची मर्जी."

माजिवड्याच्या नाक्यापर्यंत गाडी फिरवून आणली. ब्रेक दाबला — आणि ओरडला! आंस नवा, आवाज तोच. त्या दिवशी निघताना दादा म्हणाला होता, "अरे, तुझा ब्रेक फार ओरडतो." मी म्हणालो, "ओरडू दे, माणसं आपोआप बाजूला होतील!" दोघेही हसलो. तो गेला, मी जेवायला बसलो.

आंस आधी मोडला? की ब्रेकनं धरलं नाही, म्हणून गाडी दगडावर जाऊन मग मोडला? जत्रेआधी ती गाडी मीच तपासली होती. हे मला कळलं पाहिजे.

ता. ५, मंगळवार

ब्रेकचा ठोकळा बदलला. सागाचा काढून उंबराचा घातला, मऊ. आवाज तसाच. जेवलो. काय ते आठवत नाही.

ता. ६, बुधवार

चाकाची लोखंडी धाव घासून पुसली. आंसाला एरंडेल घातलं. तसाच.

मिस्त्री म्हणाले, "अरे बाबा, आणखी दोन इयत्ता शिकला असतास तर आगगाडीच बांधली असतीस! चालते ना? दे शेटला." डॉमनिक लोहार हसला. मीही हसलो असेन.

ता. ७, गुरुवार

सापडलं. चाक आंसावर आडवं सरकतं, अर्धं बोट. ब्रेक दाबला की ते बाहेर जातं आणि ठोकळा धावेच्या नुसत्या कडेला लागतो. कड ओरडते, पण धरत नाही. चाक सरकू नये म्हणून आंसाच्या टोकाच्या खिळीच्या आत चामड्याची चकती असते. मोडलेल्या गाडीत चकत्या मिळाल्या नाहीत, म्हणून मिस्त्रींनी चाकं तशीच चढवली होती. मी दोन नव्या कापून घातल्या.

आवाज गेला! पार गेला.

म्हणजे त्या दिवशीही चकत्या नव्हत्या. जत्रेआधी मी नव्या कापल्या, ते आठवतं. बसवल्या, ते आठवत नाही. मला सगळं आठवतं — हेच नाही.

ता. ८, शुक्रवार

आठवत नाही.

ता. ९, शनिवार

मिस्त्रींना सांगितलं. म्हणाले, "कुणाजवळ बोलू नको. तुझ्या वहिनीजवळ तर नकोच." रडू येत नाही. हात धुतले, तीनदा.

ता. १०, रविवार

दुकान बंद. कलावती वहिनींना सांगितलं. सगळं, क्रमानं. त्या उठल्या, दादाच्या पेटीतून एक पुरचुंडी आणली. आत माझ्या दोन चकत्या, वंगणानं काळ्या.

"देवीखाली चामडं नको म्हणून ह्यांनी आदल्या संध्याकाळी काढल्या, भावजी. सुंभाच्या वळून घातल्या. म्हणाले, धाकट्याला सांगू नकोस, चिडेल."

सुंभ दबतो; उतारावर झिजून गळून गेला असणार.

चिडलो असतो.