व्हॅनच्या तळाची जाळी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गाड्यांची बॉडी बांधणे व गाड्यांच्या आत घर बसवणे, हल्ली मुक्काम वर्कशॉपच्या मागच्या खोलीत, असे लिहून ठेवतो की हे माझे पहिले आणि अखेरचे मृत्युपत्र आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणण्याइतकं माझ्याकडे येतंच कोण?

वकीलबाईंनी ‘शरीराने व मनाने सुस्थितीत’ असं लिहायला सांगितलं होतं. शरीराबद्दल खोटं लिहिणार नाही. पंचेचाळीस वर्षं फायबरची धूळ छातीत गेली आहे आणि डॉक्टर आता पुढच्या वर्षाचं बोलत नाहीत. डोकं मात्र ठिकाणावर आहे, नको तितकं ठिकाणावर आहे.

कलम १. हे मृत्युपत्र मालमत्तेसाठी केलेलं नाही. मालमत्ता आहेच कितीशी. सहा वर्षांपूर्वी माझी बायको गेली, त्या दिवशी जमलेल्या सगळ्यांसमोर मी माझ्या मुलीबद्दल एक वाक्य बोललो. ते वाक्य मला परत घ्यायचं आहे. वकीलबाई म्हणाल्या, त्यासाठी साधं पत्र लिहा, मृत्युपत्रात असलं काही घालत नाहीत. पण पत्र एकटीने वाचलं जातं आणि कपाटात जातं. मी चारचौघांत बोललो होतो, तेव्हा हेही चारचौघांत वाचलं जावं. वाचनाला माझा मुलगा, सून, मुलगी, जावई आणि मेहुणा इतके हजर असावेत. मेहुण्याला बोलवायचं माझ्या जिवावर येतं, पण तो त्या दिवशी तिथे होता आणि ते वाक्य त्यानेच गावभर केलं.

सर्व व्यवस्था वकीलबाईंनी पाहावी.

कलम २. वर्कशॉप, मागची खोली, वेल्डिंग मशीन, पत्रा वाकवण्याचं मशीन व भिंतीवरची सगळी हत्यारं मुलाला. त्याला पान्हा आणि पक्कड यातला फरक कळत नाही हे मला माहीत आहे, त्याने खुशाल विकावं. घ्यायला येईल त्याला एवढं सांगावं की उजवीकडच्या खांबावर जे पाटीचं फळकूट आहे ते काढू नये. त्यावर मी गिऱ्हाइकांसाठी चार नियम रंगवून घेतले होते. गाडी सपाट उभी करा. चाकांना अडण लावा. चालवताना गॅस बंद ठेवा. तळाची जाळी कधीही, कशानेही बुजवू नका. चौथा नियम लाल रंगात आहे.

कलम ३. बँकेत जे असेल ते मुलाने आणि मुलीने निम्मं निम्मं घ्यावं. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ४. घडीची ट्रेलर, म्हणजे वरचं कापड उभारलं की तंबू होतो ती, मेहुण्याला. या जातीचा गुण असा की ती हलकी, छोटी मोटारसुद्धा ओढते, आणि दुमडली की पलंगाखाली जाईल की काय असं वाटतं. दोष असा की ओलं कापड दुमडलं तर बुरशी धरते, आणि वारा सुटला की माणूस रात्रभर कापड धरून बसतो. ही ओलीच दुमडलेली आहे. मेहुण्याने एकदा माझी ओढायची कॅराव्हॅन चार दिवसांसाठी नेली आणि संडासाची टाकी भरलेली तशीच परत आणून लावली, वर म्हणाला, दाजी, तेवढं तुम्ही बघा. मी बघितलं. आता त्याने ही नाक मुठीत धरून उघडावी.

कलम ५. वर सांगितलेली ओढायची कॅराव्हॅन मुलाला व सुनेला. तिची खुबी ही की मुक्कामावर सोडून द्यायची आणि नुसती मोटार घेऊन बाजारात जायचं. खोड ही की मागे घेताना डावीकडे वळवलं तर ती उजवीकडे जाते. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे हात हलवत उभी, आणि सगळा मुक्काम तमाशा बघायला गोळा. सूनबाई शांत आहे, त्यांचं निभेल.

या धंद्यात मी अशा एकशे सहा गाड्या बांधल्या. माझ्याकडे एक वही आहे, तीही मुलाने वर्कशॉप घेणाऱ्याला द्यावी. गिऱ्हाईक आलं की मी तीन प्रश्न विचारायचो. माणसं किती, गाडी मागे घेता येते का, आणि बायकोशी कितपत पटतं. तिसऱ्या प्रश्नावर बायका हसायच्या आणि पुरुष खोकायचे. मग उत्तराप्रमाणे सांगायचो. ट्रकच्या हौद्यात बसवायची पेटी खराब रस्त्याला उत्तम, पण आत वाकून वागावं लागतं. बसएवढी मोठी मोटरहोम म्हणजे सगळं ऐसपैस, न्हाणीघर, चार बर्नर, पण दुधाची पिशवी संपली तर अख्खं घर घेऊन दुकानात जायचं, आणि झाडाची प्रत्येक फांदी टपाला लागते. व्हॅन मधली. कुठेही शिरते, कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, पण दोघांत एकाने उभं राहायचं असेल तर दुसऱ्याने बसावं.

फायदे मी तोंडपाठ सांगायचो. आपली गादी, आपली उशी, आपलं स्वयंपाकघर, मनाला येईल तिथे थांबा, कोणाच्या खोलीची चावी मागायला नको. तोटेही लपवले नाहीत. पाणी भरा, घाण रिकामी करा, डिझेल पितेच, आणि जिथे जागा दिसते तिथला रखवालदार हात दाखवतो. वहीच्या शेवटच्या पानावर एक तोटा लिहिला आहे, तो सगळ्यांत खरा. भांडण झालं तर फुगून बसायला दुसरी खोली नाही.

कलम ६. आता व्हॅन.

ही आमच्या दोघांची. राहतं घर विकून आम्ही तिच्यात राहायला गेलो. हट्ट माझा होता. आयुष्यभर दुसऱ्यांची फिरती घरं बांधली, एकदा आपण फिरावं. बायको म्हणाली, तुम्ही म्हणता तर चला. तिला आवडलं का, हे मी कधी विचारलं नाही. तिने खिडकीला पडदे शिवून घेतले, डबे घसरू नयेत म्हणून खणाला दोऱ्या बांधल्या, आणि तिसऱ्या महिन्यात एकच तक्रार केली. पायाशी गार लागतं.

ते गार तळाच्या जाळीतून येत होतं. ती जाळी असतेच त्यासाठी. गॅस गळला तर तो जड असतो, खाली जाऊन त्या जाळीतून निघून जातो. आणि आत शेगडी किंवा गॅसचा हीटर जळत असेल तर त्याला हवा तिथूनच मिळते. हे मी शंभर लोकांना सांगितलं. एका गिऱ्हाइकाने जाळी बंद करून मागितली तेव्हा त्याचा हिशेब चुकता करून मी त्याला वर्कशॉपबाहेर काढलं होतं.

पण बायको पाय पोटाशी घेऊन बसलेली मला बघवेना. मी प्लायवूडची चकती कापली, कडेला रबर लावलं, आणि जाळीवर दाबून बसवली. इतकी चपखल बसली की मी तिला हाक मारून दाखवली. तिने पाय टेकवून बघितलं आणि म्हणाली, बाई, किती बरं वाटतंय. मी मनाशी म्हटलं, वर छताची खिडकी किलकिली असतेच, तेवढं पुरे. गिऱ्हाइकाने असं म्हटलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं.

त्या दुपारी मुलीचा फोन आला. तिचे दिवस भरत आले होते. ती म्हणाली, तुम्ही घर विकून भटकताय, मी बाळंतपण कोणाच्या जिवावर करू. बायको म्हणाली, येते ग, यांना विचारते. तेव्हा मुलगी म्हणाली, विचारायचंच असेल तर येऊच नकोस. फोन ठेवल्यावर बायको रडायला लागली. बाहेर थंडी होती, वारा होता. तिने छताची खिडकी ओढून घेतली, हीटर लावला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दुसरी खोली नव्हती, म्हणून तिला रडू द्यावं म्हणून मीच बाहेर पडलो.

मुक्कामाच्या दुसऱ्या टोकाला एका गृहस्थांची बसएवढी मोटरहोम उभी होती. त्यांनी आत बोलावलं. मी खण उघडून बघितले, बिजागऱ्या बघितल्या, आणि मग मोठी गाडी बरी की व्हॅन बरी यावर आम्ही दोन तास वाद घातला. मी जिंकलो. हे मला लिहायचं आहे, की मी तेव्हा व्हॅन कशी सुरक्षित असते हे सांगून वाद जिंकत होतो.

परत आलो तर हीटर मंद जळत होता आणि ती तशीच भिंतीकडे तोंड करून होती. हाक मारली. हलवलं. मग मला सगळं कळलं, एका क्षणात, कारण हे मला कळणारच होतं. खिडक्या उघडल्या, दार उघडलं, तिला ओढून बाहेर गवतावर घेतलं. काही उपयोग नव्हता. डॉक्टर येईपर्यंत मला वेळ होता, आणि त्या वेळात मी आत गेलो, तळाची चकती उपटली आणि खिशात घातली. डॉक्टरांनी तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या बघितल्या आणि हृदय बंद पडलं असं लिहिलं. मी मान हलवली.

अंत्यविधीला आलेल्या बायका म्हणाल्या, बघा किती शांत दिसतेय, गालांवर लाली आहे. हवा कमी पडून जळणाऱ्या हीटरच्या विषारी वायूने अशी लाली येते, हे तिथे फक्त मला माहीत होतं. मेहुण्याने विचारलं, दाजी, झालं तरी काय अचानक? मुलगी माझ्या समोर उभी होती, आठ महिन्यांचं पोट घेऊन. मी म्हणालो, “हिचा फोन आला, त्यानंतर ती आडवी झाली ती उठलीच नाही.”

यातला शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच मला कोणी पकडू शकलं नाही.

तर मी सर्वांसमोर जाहीर करतो की माझी बायको मुलीच्या बोलण्याने गेली नाही. मुलगी आईशी जे बोलली ते कोणतीही अडलेली मुलगी बोलते, आणि आई दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जायलाच निघाली असती, मी ओळखतो तिला. ती मी बुजवलेल्या जाळीने गेली. ते मला माहीत होतं आणि मी लपवलं. चकती टूलबॉक्सच्या खालच्या खणात, रबरासकट आहे. मुलीला बघायची असेल तर दाखवावी, नसेल तर फेकून द्यावी. त्यानंतर तिचे फोन यायचे, मी उचलायचो नाही. तिला वाटलं बाबांचा राग आहे. नात सहा वर्षांची झाली, मी तिला दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा लांबून. मुलगा सांगतो की त्याची बहीण आता कोणाशी फोनवर आवाज चढवून बोलत नाही, समोरच्याचं बोलणं झालं तरी ठेवत नाही, समोरचा ठेवीपर्यंत कानाला धरून बसते. हे मी तिचं केलं.

व्हॅन कोणालाही देऊ नये, विकू नये. कापून भंगारात घालावी आणि कापताना मुलाने समोर उभं राहावं.

कलम ७. साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून माझा गॅस फिटर, ज्याला साबणाच्या पाण्याने गळती तपासत फिरतो म्हणून सगळे साबण्या म्हणतात, आणि आमच्या सगळ्या गाड्यांच्या गाद्या-पडदे शिवणाऱ्या बाई, यांना काही नाही. दोघं म्हणाले, बरं झालं.

सह्यांपूर्वीची नोंद. ही माझ्या हाताने आजच वाढवली आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण साबण्याने वाचला. कलम सहा वाचून त्याने पेन खाली ठेवलं. तीस वर्षं त्याने माझ्या प्रत्येक गाडीची जाळी तपासली आहे. मग म्हणाला, “हे मेल्यावर कशाला, मिस्त्री? फोन खिशात आहे तुझ्या. आत्ता लाव, मग मी सही करतो.” पडदेवाल्या बाईंनीही मान हलवली.

मी लावला. पहिल्याच घंटीला मुलीने उचलला. सहा वर्षांत मी पहिल्यांदा केला होता, तर घाबरून म्हणाली, बाबा, बरे आहात ना? मी म्हणालो, बरा आहे, एक सांगायचं होतं. तोवर तिला रडू फुटलं. म्हणाली, “बाबा, आधी माझं ऐका. मी आईला तसं बोलायला नको होतं. रोज आठवतं मला. एकदा तरी माफ केलं म्हणा.”

साबण्या समोर उभा होता. सगळं तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, केलं माफ.

ती किती तरी वेळ “थँक्यू बाबा, थँक्यू बाबा” म्हणत होती. शेवटी मीच फोन ठेवला. साबण्याने सहीसाठी पेन उचललं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

कलम सहा वाचताना ही नोंदही मोठ्याने वाचावी.

लिहून ठेवणार: मिस्त्री (सही)

माझ्या समक्ष व एकमेकांच्या समक्ष सही करणारे साक्षीदार:
१. गॅस फिटर ऊर्फ साबण्या (सही)
२. गाद्या-पडदे शिवणाऱ्या बाई (सही)

ठिकाण: वर्कशॉप, मागची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी, दुपारी साडेतीन