काटा शून्याच्या उजवीकडे

आप्पा, तुम्ही ज्या वयात गेलात त्याच्या पुढे मी आता बरीच आले आहे; म्हणून तुमच्याशी वाद घालताना मान खाली घालण्याचं मला कारण दिसत नाही. मुद्दा एकच आहे. मोटारीच्या इंजिनात हवा दाबून भरली जाते असं केव्हा म्हणावं, हा प्रश्न तुम्ही दादापुढे ठेवलात. त्याचं उत्तर त्याने बरोबर दिल्यावर तुम्ही जे केलंत, त्याबद्दल मी लिहिते आहे.

घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत व्याख्येवाचून कोणाला बोलता येत नसे. आई ताट वाढताना म्हणे, "आमटी जरा आंबट झाली आज," आणि तुम्ही पाटावरून विचारायचात, "आंबट? कशाच्या मानाने?" ती हसून सोडून देई. पुढे ती हसेनाशी झाली, आणि मग जेवणाबद्दल बोलेनाशीच झाली. मला मात्र तो खेळ आवडत असे, कारण मला तो जमत असे. मी तर्कशास्त्र घेतलं आणि जन्मभर तेच शिकवलं, ते तुमच्यामुळे. दादाला तो जमत नसे. त्याचे हात हुशार होते; त्याने तुमच्याच तंत्रशाळेतला डिप्लोमा अर्धवट सोडला आणि अंधेरीच्या एका गॅरेजात लागला, हे तुम्ही त्याला कधी माफ केलं नाहीत.

त्या गॅरेजच्या मालकाला शर्यतीच्या गाड्यांचा नाद होता. त्याने एक जुनी गाडी दादाच्या ताब्यात दिली आणि सांगितलं, "हिच्यात फोर्स्ड इंडक्शन बसवून दाखव. तुझ्या बापाने हो म्हटलं की शर्यतीचं सगळं खातं तुझं." उपनगरांतले निम्मे मेकॅनिक मुलुंडच्या तंत्रशाळेत तुमच्या हाताखालून गेलेले होते, तुमचा शब्द म्हणजे शिक्का. दादाला आयुष्यात हवी असलेली एकमेव गोष्ट अशी तुमच्या जिभेवर येऊन बसली. ते ऐकून तुम्हाला झालेला आनंद मला अजून दिसतो.

पहिल्या वेळी त्याने बॉनेटला भोक पाडून त्यावर पत्र्याचं उघड्या तोंडाचं नाक बसवलं होतं. धावत्या गाडीचा समोरचा वारा त्यातून थेट कार्बोरेटरवर यावा, अशी कल्पना. गाडी इमारतीच्या आवारात उभी आहे, शेजारी जमले आहेत, आणि दादा म्हणतो आहे, "आप्पा, हवा आत घुसते की नाही? मग झालं ना!" तुम्ही तंत्रशाळेतून दाबमापक आणलेला होता, तबकडीच्या मधोमध शून्य, डावीकडे ओढ, उजवीकडे दाब. तुम्ही त्याची नळी कार्बोरेटरच्या पुढे, हवा सिलिंडरकडे वळते तिथे, जोडलीत. हायवेवर गाडी जीव तोडून पळवून आणली तरी काटा शून्याला डावीकडून शिवून परत येत राहिला. मग सगळ्यांसमोर तुम्ही त्याला शिकवायला घेतलंत. साधं इंजिन हवा स्वतः ओढतं, वातावरण देईल तेवढीच. ती यंत्राने वातावरणापेक्षा अधिक दाबाने आत कोंबली, तरच ते फोर्स्ड इंडक्शन. मग ते यंत्र इंजिनावरच्या पट्ट्याने फिरो की बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंनी. "वाऱ्याकडे तोंड उघडून धावलास म्हणून तुला कोणी जेवू घातलं असं होत नाही, रे," असं तुम्ही म्हणालात, आणि लोक हसले. तळमजल्यावरचे कॅथलिक अंकल तेवढे म्हणाले, "मास्तर, सोडा ना आता. पोर रडंल." दादा रडला नाही. त्याने तुमच्याकडे पाहून विचारलं, "काटा उजवीकडे नेला तर हो म्हणाल?" तुम्ही म्हणालात, "म्हणावंच लागेल."

व्याख्या बिनचूक होती, हे मी आजही मान्य करते. वारा धरायचा नाही, काटा धरायचा.

दादाने कुर्ल्याच्या भंगारबाजारातून मोडीत निघालेल्या एका परदेशी इंजिनावरचा ब्लोअर, म्हणजे हवा कोंबणारा पंखा, शोधून काढला. पट्टा, पुली, ब्रॅकेट, सगळं त्याने स्वतः घडवलं. गाडी निघायची होती दसऱ्याला, कारण मालक मुहूर्ताशिवाय चाक हलवणारा नव्हता. आणि खंडेनवमीला पाने, हातोडे, स्क्रूड्रायव्हर एकदा पूजेत मांडले की दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा त्या गॅरेजचा नेम. हत्यारं मांडण्याआधी दादा तुम्हाला अंधेरीला घेऊन गेला. मीही बरोबर होते. "आप्पा, एकदा बघून घ्या," तो म्हणाला. तुम्ही विजेरी लावून सगळं पाहिलंत. मग विचारलंत, "इंजिनाचं हेड उघडलं होतंस का?"

"नाही. कशाला? ब्लोअर तर बाहेरून बसतो."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि विजेरी विझवलीत.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ आहे, चाकाखाली लिंबू आहे. दादा चालवतो आहे, तुम्ही त्याच्या शेजारी दाबमापक मांडीवर घेऊन, मागे मालक आणि मी. विक्रोळीच्या अलीकडे त्याने पाय दाबला आणि काटा शून्य ओलांडून उजवीकडे गेला. "बोला, आप्पा!" दादा ओरडला. "हो," तुम्ही म्हणालात, "हे धरलं जाईल." मालकाने मागून त्याच्या पाठीवर थाप मारली, "झकास रे! आजपासून खातं तुझं!" आणि दादाने आणखी पाय दाबला. त्या आवाजात पत्र्याच्या डब्यात खडे हलावेत तसा एक बारीक खडखडाट मला ऐकू येत होता. मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत होता. भांडुप यायच्या आत इंजिन एकदा किंचाळलं, मागे निळा धूर पसरला आणि गाडी कडेला जाऊन थांबली. पिस्टनला भोक पडलं होतं.

"वाट लावलीस माझ्या गाडीची," मालक म्हणाला. मघाचीच थाप त्याने आता दादाच्या डोक्यात मारली. "उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

दादा तुमच्याकडे पाहत होता. तुम्ही दाबमापकाची नळी गुंडाळत म्हणालात, "मला व्याख्या विचारली होती. ती पुरी झाली."

घरी तुम्ही श्रीखंड मागून घेतलंत, आणि आई विचारत नसतानाही तिला समजावून सांगितलंत: दाबलेली हवा आत घ्यायची तर आधी हेड उघडून सिलिंडरमधला दाब कमी करावा लागतो, नाहीतर मिश्रण भलत्या वेळी पेटतं, इंजिन खडखडतं आणि पिस्टन जळतो. "दुसऱ्या वर्षाची पोरंसुद्धा सांगतील."

"मग त्याला का नाही सांगितलंत?" आई म्हणाली. त्या घरात तिने तुम्हाला विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

"त्याने विचारलं नाही."

हे विधान तपासू. "बघून घ्या" हे व्याकरणाने प्रश्न नाही, हे खरं. पण बघण्याचं काम तुम्ही पत्करलंत, दोष पाहिलात, तो दोषच आहे याची खात्री स्वतः प्रश्न विचारून करून घेतलीत, आणि हत्यारं हाताशी असताना "बरं" म्हणालात. म्हणजे तुम्हाला अज्ञानाची सवलत नाही, आणि विसराळूपणाचीही नाही. तुमच्या मुलाचा पराभव घडत असताना तुम्हाला तो जवळून पाहायचा होता, याखेरीज दुसरा निष्कर्ष मला निघत नाही. मी अनेक वर्षं काढून पाहिला.

दादा मस्कतला गेला. आईच्या दिवसांना आला, तुमच्या आला नाही. तुमचं सगळं मी केलं, ते प्रेमाने केलं असा गैरसमज नको. शेवटच्या आठवड्यात श्वास भरणारं यंत्र लावलं तेव्हा डॉक्टर मला समजावत होते की हे छातीत हवा दाबाने ढकलतं. मी म्हटलं, ठाऊक आहे, हे धरलं जातं. तुम्ही शुद्धीवर होता आणि बोलू शकत नव्हता. ते वाक्य मी तुमच्या कानाजवळ म्हटलं होतं.

आता दादा दिंडोशीला लेकीकडे असतो. त्याचे हात कापतात. कपही दोन्ही हातांनी धरतो. परवा भेटायला गेले तर मध्येच म्हणाला, "एक विचारू? आप्पांना ते हेडचं माहीत होतं का गं?" इतकी वर्षं त्याने हे मनात ठेवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "त्यांना कुठलं माहीत? आयुष्यभर इंजिनं फळ्यावर काढली त्यांनी. मलाच नंतर एका मेकॅनिकने सांगितलं."

तो खोकला लागेपर्यंत हसला. "म्हणजे म्हाताऱ्याला येतच नव्हतं? अगं, आणि आपण त्याला केवढे घाबरायचो!" डोळे पुसून तो म्हणाला, "बिचारा."

सत्य सांगितलं असतं तर तो मोडला असता, म्हणून मी खोटं बोलले, हे कारण पुरेसं आहे आणि कोणीही ते मान्य करील. पण हे पत्र कुठे जायचं नाही, तेव्हा उरलेलंही लिहिते. त्याच्या तोंडून तुमच्यासाठी "बिचारा" हा शब्द ऐकायला मला फार बरं वाटलं. पुढच्या रविवारी मी पुन्हा दिंडोशीला जाणार आहे, आणि त्याने विषय काढला नाही तर मीच काढणार आहे.