उत्तरेची भिंत

४ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तू टेबलावरून उतरताना पडलास हे वाचून हसू आलं, रागावू नकोस. सुतारानेच असं करावं म्हणजे कमाल आहे.

इकडे उत्तरेच्या भिंतीचं पुन्हा तेच. बाहेरच्या फळ्यांवर काळे-हिरवे डाग, रंगाला फोड, आणि आत लेकीच्या खोलीत कुबट वास. तिचा खोकला हटत नाही. डॉक्टर म्हणतात, आधी ही बुरशी घालवा. घर तूच बांधलंस, दर वर्षीसारखं यंदाही धुवायचं कसं ते तूच सांग.

लोभ आहेच, तो असाच ठेव.

तुझी ठमी

१५ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

हस, हस. कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश घे. खालून वर घासत जा, नाहीतर ओघळ उमटतात. मग वरून पाणी सोड. पाइप खालून मारलास तर सांध्यांतून पाणी आत जातं. आठवडाभर वाळेपर्यंत रंगाचा डबा उघडायचा नाही. तुझी घाई मला ठाऊक आहे. दाजींना नमस्कार, लेकीला पापा.

तुझा दादा

२ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

सांगितलंस तसंच केलं. आठवडा नाही, बारा दिवस वाळू दिलं. मे संपायच्या आत नव्या रंगाला फोड आले. ह्यांचं म्हणणं, मी वरवर ब्रश फिरवते, माझ्या कुठल्याच कामात जीव नसतो. चार वर्षं हेच ऐकतेय. यंदा मलाही ते खरं वाटायला लागलं. शिडीवर उभी राहून नखांनी सांधे खरवडले.

लेकीला दवाखान्यात ठेवावं लागलं. आता ती नणंदेकडे आहे, भिंत कोरडी होईपर्यंत तिला आणायचं नाही. जाताना तिने विचारलं, आईला नीट धुता येत नाही म्हणून मी जायचं का. दादा, मी हात टेकले. काहीतरी उपाय लिही.

तुझी ठमी

११ जून

चि. ठमीस,

धुवू नकोस. ती भिंत धुण्याने सुधारणार नाही.

फळ्यांमागे पट्ट्या मारून बोटभर जागा ठेवायची असते, आत शिरलेलं पाणी वाऱ्याने सुकावं म्हणून. तीन भिंतींना मी ती ठेवली. उत्तरेला पट्ट्या संपल्या, आणि तुम्ही दोन दिवसांत राहायला येणार होतात. फळ्या थेट ठोकल्या. पहिल्या वर्षी तुझं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. सांगायची लाज वाटली, म्हणून धुवायची रीत सांगत राहिलो. मी येतो आणि सगळं नीट करून देतो. दाजींशीही मीच बोलेन.

दादा

२० जून

ती. दादास,

तुझी वाट पाहिली नाही. इथल्याच सुताराकडून फळ्या उतरवल्या. मागच्या लाकडी खांबांचा हाताने चुरा होतो. तो म्हणाला, पहिल्या वर्षी कळलं असतं तर एका दिवसाचं काम होतं. आता ह्या घरात राहणं धोक्याचं आहे, महिनाअखेर सोडतोय. लेकीच्या छातीचं दुखणं जन्माचं झालं, असं डॉक्टर सांगतात.

तुझं पत्र ह्यांना दिलं. वाटलं होतं, चार वर्षांचं बोलणं परत घेतील. ते वाचून उठले आणि शिडी आत ठेवायला गेले.

तू येऊ नकोस. घाईत चूक झाली, ती मी पोटात घातली असती. पण दर वर्षी मी ब्रश घेऊन शिडीवर चढत होते तेव्हा तुला सगळं माहीत होतं. शेवटी लोभाचं जे लिहितात, ते आज लिहवत नाही.

ठमी